तुमचं सामान माझ्या सायकलवर

माणिकराव,

काल दिवसभर तुमचं सामान ओसरीवर मांडून बसलो होतो. हवा भरायचा छोटा पंप, दोन ट्यूबा, टायर काढायच्या निळ्या पट्ट्या, ॲलन पान्यांचा तो घडीचा गठ्ठा, पंक्चरची ठिगळं, सोल्युशन, चेनची जादा कडी, फाटक्या टायरला आतून लावायचा टूथपेस्टच्या रिकाम्या नळीचा कापलेला तुकडा आणि एक पायमोजा. पायमोजा एकच. दुसरा कुठे आहे ते तुम्हालाच ठाऊक. समोर माझी सायकल भिंतीला टेकून उभी, आणि तिच्यावर कशाला कुठे जागा द्यायची ते काही केल्या सुचेना. ही विद्या तुमची. मला तुम्ही तिच्या आसपास फिरकू दिलं नाहीत.

तुमचं तेरावं झालं. लोक अजून भेटायला येतात आणि विचारतात, "तुमचे इवाई गेले म्हणं?" मी हो म्हणतो. खोटं नाही ते. तुम्ही निखिलचे सासरे, आमच्या स्वातीचे वडील, म्हणजे माझे व्याहीच. पण माझा रोजचा सायकलवरचा जोडीदार गेला, असं कुणी म्हणत नाही, आणि मग मलाच प्रश्न पडतो की तुम्ही माझे नक्की कोण होतात. व्याही की मित्र? हाच तर आपला वाद होता आणि तो अर्धवट टाकून तुम्ही निघून गेलात. सायकलवरून पडून नाही, ट्रकखाली येऊन नाही. खुर्चीत बसल्या बसल्या, समोरचा चहा निवत ठेवून. ज्या माणसानं आयुष्यात चहा निवू दिला नाही त्यानं असं जावं, याचा मला अजून राग आहे.

तर वादाचा निकाल आज सकाळी लागला. तो कळवायला हे लिहितोय. कोण हरलं ते शेवटी सांगतो, आधी जरा बसा.

ही बारीक चाकांची, खाली वळलेल्या हँडलची सायकल निखिलनं पुण्याहून आणली, हौसेनं थोडे दिवस चालवली आणि ओसरीवर टांगून ठेवली. पाटबंधारे खात्यातून मी निवृत्त झालो, डॉक्टरांनी साखरेवरून दम दिला, तेव्हा ती खाली काढली. तुम्ही ते पाहिलंत. मग काही दिवसांतच कुठून तरी जुनी रोड बाईक घेऊन तुम्ही आमच्या फाटकाशी हजर. डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर मुख्याध्यापकी चष्मा, आणि ती घट्ट चड्डी नको म्हणून पायजमा मोज्यात खोचलेला.

"इवाईबुवांनी एकट्यानं फिरायचं आन् मी घरात बसायचं, हे बरं दिसतं व्हय?" तुम्ही म्हणालात.

मग सायकलीभोवती एक चक्कर मारून चिंतेत पडलात. "हिला कॅरियर न्हाई, टोपली न्हाई, स्टँड बी न्हाई. काहीच ठिवायला जागा न्हाई हो. हिनं संसार करायचा कसा?"

तिचा संसार कसा मांडायचा, हाच तुमचा पुढचा उद्योग झाला. आणि त्यात अडचण कोणती आली, तर पाण्याची.

बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर तो हसेल. सायकलला बाटल्या ठेवायचे खोबणे दोन. शहाणा माणूस एकात पाणी ठेवतो, दुसऱ्यात झाकणाचा डबा, आणि डब्यात सगळी हत्यारं. प्रश्न मिटला. पण तुम्हाला दोन्ही बाटल्या पाण्याच्या लागायच्या, कारण लेकीच्या घरचं पाणी तुम्ही पीत नव्हता. स्वातीच्या लग्नात तुम्ही आईला शब्द दिला होता की लेकीला लेकरू होईपर्यंत तिच्या सासरी अन्नपाणी घेणार नाही. आई गेल्या, शब्द राहिला. त्यामुळे परत येताना आमच्या फाटकाशी थांबून तुम्ही स्वतःच्या बाटलीतलं कोमट पाणी प्यायचात, आणि आत आमचा माठ गार पडलेला असायचा. मी म्हणायचो, "माणिकराव, तुम्ही शाळेत विज्ञान शिकवलंत." तुम्ही म्हणायचात, "शिकवलं की. आईला न्हाई शिकवलं."

"एक तांब्या पाणी आमच्याकडं भरून घ्या, दुसरा खोबणा मोकळा होतो," हे मी तुम्हाला किती वेळा सांगितलं असेल! तुम्ही ऐकून घ्यायचात, मान डोलवायचात आणि सामानाला नवी जागा शोधायला लागायचात.

काय काय जागा शोधल्यात हो. सीटखाली पिशवी बांधलीत, तर ती पट्टा सैल झाला की मागच्या चाकाला घासायची. दांडीवर पिशवी लावलीत, तर गुडघे आपटून आपटून तुम्ही फेंगडे चालायला लागलात. हँडलच्या टोकाची बुचं काढून आतल्या नळीत ठिगळांची गुंडाळी कोंबलीत, आणि ती इतकी आत गेली की अजून तिथंच आहे. जर्सीच्या पाठीवरच्या खिशात पाने ठेवलेत, तर झरीच्या वळणावर काळ्या चिखलात घसरलात आणि पान्यांचा छाप कमरेवर महिनाभर वागवलात. ते मला दाखवायला तुम्ही टपरीवर जर्सी वर केलीत, तेव्हा चहावाला म्हणाला, "मास्तर, नंबर कितीचा हाय?" तुम्ही त्याला नंबर सांगितलात.

पण सोल्युशनचा दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. वैशाखाचं ऊन. सोल्युशनची नळी तुमच्या पाठीवरच्या खिशात तापली आणि फुटली. गंगाखेड रस्त्यानं आपण परत येईपर्यंत जर्सी पाठीला अशी चिकटली की ती काढायची तर कातडंच निघायचं. आमच्या अंगणात तुम्ही उभे, स्वाती खोबरेल तेल चोळून इंच इंच सोडवायलीय, आणि तुम्ही वेदना होत असताना विचार करताय. मग तुम्ही निकाल दिलात.

"आईनं प्यायचं न्हाई म्हणलं होतं. आंघोळीचं काय बी म्हणलं न्हाई."

आणि आमच्या बादलीनं, आमच्या नळाच्या पाण्यानं, आमच्या अंगणात तुम्ही मनसोक्त आंघोळ केलीत. तोंड मात्र गच्च मिटलेलं, चुकून एक थेंब आत जाऊ नये म्हणून. स्वाती हसून हसून खाली बसली. तेवढ्या एका दिवशी मला वाटलं होतं, आता हा माणूस आत येईल, पाटावर बसेल. नाही आलात. ओल्या केसांनी फाटकाबाहेर जाऊन तुमच्या बाटलीतलं पाणी प्यालात.

शेवटी तुम्हाला जागा सापडली ती चष्म्याच्या घरात. तुमच्या जुन्या चष्म्याचं ते टणक घर सीटखालच्या सळ्यांना दोन पट्ट्यांनी आवळलंत. आत पायमोज्यात गुंडाळलेले पाने आणि निळ्या पट्ट्या, म्हणजे खडखड नाही. ट्यूबा सीटच्या मागं रबरानं बांधलेल्या, पंप पाण्याच्या बाटलीच्या कडेला, चेनची कडी सीटच्या पोटाला चिकटपट्टीनं. त्या दिवशी तुमचा चेहरा पोरीचं लग्न पार पडल्यासारखा झाला होता. मला हात जोडून म्हणालात, "बसलं एकदाचं सगळं." मी म्हणालो, "मग आता त्यातलं निम्मं माझ्याकडं द्या."

इथून खरं भांडण सुरू व्हायचं.

"तुमी वझं वाहायचं? पोराच्या बापानं? आन् मी पोरीचा बाप हात हलवत चालायचं? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"कोणते लोक? रस्त्यावर आपण दोघं आणि ज्वारीतली पाखरं."

"पाखरं बी बघायलीत."

मला तुमचा मान नको होता, माणिकराव. टपरीवर पहिला कप मला, वळणावर पुढं मी, उन्हात झाडाखालची सावली मला. पंक्चर माझं झालं तरी चाकाला हात तुमचा, आणि मी बाजूला वरबाप म्हणून उभा. एकदा तर गोदावरीच्या पुलाच्या अलीकडे, उसाच्या ट्रॉल्या अंगावरून जातायत, तुम्ही घामाघूम होऊन टायर चढवताय, आणि मला म्हणताय, "तुमी तिकडं बसा, हात काळे होतील." मी चिडून म्हणालो होतो, "माझे हात काय पत्रिकेत छापलेत का?" तुम्ही हसलात आणि पंप मारत राहिलात. मी तिकडं जाऊन बसलो. दुसरं काय करणार, तुम्ही पंप देत नव्हता.

माणूस ओझं देतो कुणाला? आपल्या माणसाला. पाहुण्याच्या हातातली पिशवी आपण काढून घेतो आणि भावाच्या हातात गव्हाचं पोतं देतो. इतकं साधं गणित. म्हणून मला सारखं वाटायचं की इतक्या सकाळी बरोबर काढल्या, इतके चहा प्यालो, इतके हसलो, पण या माणसाच्या लेखी मी पाहुणाच आहे. लग्नातल्या फोटोतला फेटेवाला. हे मी तुम्हाला सरळ कधी विचारलं नाही. विचारायचं होतं. थंडी पडली की चारठाण्यापर्यंत जायचं आणि तिथं देवळाच्या पायरीवर बसून विचारायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. पायरीवर बसला की माणूस खोटं बोलत नाही, असा माझा समज आहे. थंडी यायच्या आत तुम्ही गेलात.

तेराव्याला तुमच्या घरी एक मजा झाली, ती तुम्हाला सांगायलाच हवी. दुखवट्याला टॉवेल-टोपी आणायची आपली पद्धत. ज्यानं अग्नी दिला त्याच्या डोक्यावर सोयऱ्यांनी टोपी घालायची आणि म्हणायचं, ऊठ, आता कामाला लाग. अग्नी स्वातीनं दिला होता. तेव्हा स्मशानात कुणी काही बोललं नाही, पण टोपीची वेळ आली तशी कुजबुज सुरू झाली. बाईच्या डोक्यावर टोपी कशी घालायची? तुमचा पुतण्या केस विंचरून पुढं येऊन बसला होता. पहिला मान व्याह्याचा, म्हणजे माझा. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

मी पिशवीतून हेल्मेट काढलं. केशरी, नवं कोरं. स्वातीच्या डोक्यावर ठेवलं आणि हनुवटीखाली पट्टा लावला. सगळे हेल्मेटकडं बघत होते. पंगतीतला एक जण म्हणाला, "ही कसली टोपी?" आणि कोपऱ्यातून तुमची चारठाण्याची बहीण, स्वातीची आत्या, रडून सुजलेल्या डोळ्यांनी म्हणाली, "टोपी ती टोपीच हाय की. उलट ह्यात डोस्कं बी फुटत न्हाई."

आधी कुणीतरी खुदकन हसलं. मग सगळं घर हसलं. हेल्मेट घातलेली स्वाती हसता हसता रडली आणि रडता रडता हसली. पुतण्याला टॉवेल मिळाला, तोही खूश. तुमच्या तेराव्याला लोक पोट धरून हसले, माणिकराव. तुमच्या घरी येऊन कुणी कधी तोंड पाडून परत गेलं नव्हतं, त्या दिवशीही गेलं नाही.

नंतर स्वातीनं तुमची सायकल आमच्याकडं आणली. म्हणाली, "अण्णा, सीट खाली करून द्या. मी येणार हाय तुमच्यासंगं." मी सीट काय खाली करणार? त्यासाठी कोणता पाना लागतो तेही मला ठाऊक नाही. दोघांनी मिळून सगळे पाने लावून पाहिले आणि एक बसला. मग तुमचं सगळं सामान सोडवून मी माझ्या सायकलपुढं मांडलं.

आणि तेव्हा त्या ट्यूबा नीट पाहिल्या.

तुमच्या जुन्या सायकलच्या चाकाला स्कूटरसारखी, हवा भरायचं तोंड जाड असलेली ट्यूब लागते. माझ्या चाकाला बारीक तोंडाची. तुम्ही सीटमागं बांधून हिंडायचात त्या दोन्ही बारीक तोंडाच्या. स्वतःसाठी एकही नाही. मला एकदम झरीच्या अलीकडची ती दुपार आठवली. तुमच्या मागच्या चाकात बाभळीचा काटा घुसला होता आणि तुम्ही भर उन्हात मातीत बसून, ट्यूब घासून, ठिगळ लावून, फुंकर मारत वाळवत होता. मी म्हणालो होतो, "नवी ट्यूब बांधलीय ना सीटला, घाला की ती." तुम्ही म्हणालात, "कशाला वाया घालवायची? ठिगळावर भागतंय." मी तुम्हाला चिक्कू मास्तर म्हणालो, आणि पुढं कित्येक दिवस टपरीवर त्याच नावानं हाक मारली. तुम्ही प्रत्येक वेळी ओ दिलीत.

काल त्या ट्यूबा मांडीवर घेऊन मी रडलो. ओसरीवर, दिवसाढवळ्या. समोरचे बघत होते, बघू देत.

पण रडून वाद संपत नाही. मी डोळे पुसले आणि तुमच्याशी भांडायला लागलो. ट्यूबा माझ्या होत्या, तर माझ्याकडं द्यायच्या! माझ्या ट्यूबा तुम्ही वाहायच्या म्हणजे मान केवढा झाला? व्याह्याच्या चाकाचा सुद्धा मान? मग मित्र कधी व्हायचं आपण?

असो. मग मी सामान बसवलं. मला जागा शोधायची गरजच पडली नाही. आमचं पाणी आम्हाला चालतं, त्यामुळं दुसऱ्या खोबण्यात झाकणाचा डबा बसला आणि डब्यात सगळं मावलं. तुम्ही इतकी वर्षं जे कोडं सोडवत होता ते माझ्या माठानं एका मिनिटात सोडवलं. पायमोजा तेवढा वर राहत होता, तो खिशात घातला.

आज सकाळी आम्ही निघालो, मी आणि तुमची लेक. झरीच्या रस्त्यानं. कापूस फुटलाय, वारा मागून होता. स्वाती सुरुवातीला वेडीवाकडी चालवत होती, मग गाव मागं पडलं तशी तिला लय सापडली आणि ती पुढं गेली. तुमची सायकल रिकामी, हलकी, आणि तिच्यावर ती केशरी टोपी घातलेली पोर. मी मागून डब्याचं वजन घेऊन येत होतो आणि मला इतकं बरं वाटत होतं की मी गुणगुणायला लागलो. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच.

टपरीच्या अलीकडं ती थांबली. मी गाठल्यावर म्हणाली, "अण्णा, सगळं तुमच्याकडंच हाय की. निम्मं मला द्या."

"राहू दे गं," मी म्हणालो. "तुला कशाला वझं?"

"अहो, पण पंक्चर माझं बी होईल ना."

"झालं तर मी हाय. तू चालव निवांत."

तिनं कमरेवर हात ठेवले. मग म्हणाली, "बाबांशी याच्यावरनं किती भांडायचात तुमी! आन् आता सोता काय करायलात?"

मी उभाच राहिलो, माणिकराव. सुनेला कुणी वरबापाचा मान देतं का? तिथं कसलाही मान नव्हता, कसली रीत नव्हती. ती पाखरासारखी पुढं जात होती, ते मला बघायला आवडत होतं आणि ते तसंच चालू राहावं असं वाटत होतं. बस, इतकंच. तिच्या अंगावर काही पडू नये. पंक्चर झालं तर तिनं नुसतं उभं राहावं आणि हसावं. हे मी तिला तोंडानं सांगू शकलो नसतो, म्हणून म्हणालो, राहू दे. आणि तुम्हाला बिचाऱ्यांना तेवढंही म्हणायची सोय नव्हती, कारण दोन म्हातारे पुरुष एकमेकांना असलं काही सांगत नाहीत. मग तुम्ही मानपानाला पुढं केलंत. लोक काय म्हणतील, पाखरं बघतील, पोरीचा बाप, पोराचा बाप. आणि मी खुळा ते खरं धरून भांडत बसलो.

तर निकाल असा, की तुम्ही जिंकलात. मी पाहुणा नव्हतो. चारठाण्याच्या पायरीपर्यंत जायची गरज उरली नाही.

पण तुमच्याबरोबर रिकामी सायकल घेऊन हिंडताना, तुम्ही मातीत बसलेले आणि मी हात स्वच्छ ठेवून उभा असताना, मला कसं वाटायचं तेही माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. ते या पोरीच्या वाट्याला कशाला? मी डबा उघडला. पंप तिला दिला, माझ्या चाकाची एक ट्यूब दिली, निळ्या पट्ट्या दिल्या. तिनं ते पाठीवरच्या खिशात कोंबलं, दोनदा चाचपून पाहिलं आणि अशी ताठ होऊन सायकलवर बसली की काय सांगू. चेहरा बघायला हवा होतात तुम्ही.

एकदा तरी द्यायचं होतं हो, माणिकराव.